बॉनेटवरचा नारळ

झोप उडायला मला एवढंसं कारण पुरतं, पण या वेळचं खरंच मोठं होतं. आमची पिकअप निवळीच्या घाटात दोनदा आपोआप बंद पडली, आणि दुसऱ्यांदा आत माझी पाच वर्षांची सई बसलेली होती.

"ईसीएम गेलाय, वहिनी. इंजिनाचं डोकंच ते," मेकॅनिक म्हणाला. त्याने ईसीएमचा डबा उघडून दाखवला, तर आत नुसता हिरवा गंज. "यात पाणी शिरतं कुठनं?"

मला ठाऊक होतं कुठून. माझे सासरे, आबा, दर अमावास्येला बॉनेट उघडून नारळ फोडतात आणि पाणी थेट इंजिनावर शिंपडतात.

नवा ईसीएम बसला, गाडी सुरू झाली, आणि आबा नारळ घेऊन गॅरेजात हजर. "उघडा रे बॉनेट!"

मी आडवी उभी राहिले. "नारळ चाकापुढे फोडा, आबा. आत एक थेंब जाणार नाही."

"देवाचं पाणी गो ते! मला शिकवतेस?"

"हो, शिकवते. सई बसते या गाडीत."

गॅरेजातली पान्यांची खटखट थांबली. माझा आवाज एवढा मोठा आहे, हे मलाही नवीनच होतं. तेवढ्यात माझ्यामागे उभ्या सईने आबांचा हात धरला.

"आबा, आत्ता ऐका आईचं. घरी गेली की रडते ती."