गुरुवारची घंटी

आमचं गाव शिंदखेड्याकडचं, तापीच्या काठावर, आणि सुरतही तापीच्याच काठावर, म्हणजे काय सांगू तुम्हाला भाऊ, एकाच नदीच्या पाण्यानं तिथं ढोरं धुतली आणि इथं कापड धुतलं. विशीत सुरतेच्या उधना स्टेशनात गाडीतून उतरलो तो पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये रंग तोलायच्या खोलीत लागलो, अजून तिथंच आहे. रंग ग्रॅमभर चुकला तर कापडाचा अख्खा ताका वाया, म्हणून मोजूनमापून वागायची सवय लागली ती लागलीच, बायको म्हणते तुम्ही मिठाची चिमूटही तोलाल.

डिंडोलीत घर बांधलं आणि फोनसाठी नाव लावलं. तेव्हा फोन म्हणजे सरकारी खात्याचाच, दुसरं दुकान नव्हतं. पाच वर्षं गेली. गल्लीतले हसायचे, पाटील, तुमचा फोन नातवाच्या लग्नात येईल. आला तो लताच्या लग्नाच्या आदल्या उन्हाळ्यात. लता माझी एकुलती पोरगी. आल्याबरोबर सगळ्या गल्लीनं आमचाच नंबर गावाकडं देऊन टाकला, मग बायकोचं दिवसभर तेच, ओ भारतीची माय, तुमचा फोन, आणि भारतीची माय ओल्या हातानं पळत येणार. मला राग नव्हता. आपल्याकडं आहे तर वापरतील, अजून काय.

लताला दिलं शिरपूरकडच्या खेड्यात. जावयाची शेती बरी, पण हात उचलणारा निघाला, प्यायला की आवरायचा नाही. गावात फोनचं बूथ एकच, तेही जावयाच्या चुलतभावाचं. ती बोलायला उभी राहिली की तो काचेला कान लावणार. मग मीच हिशोब बसवला. म्हटलं बेटा, गुरुवारी गावच्या बाजाराला निघशील तेव्हा बूथवर नंबर फिरव, बोलू नकोस. दोन घंट्या झाल्या की ठेवून दे, मी समजेन बरी आहे. आणि चार घंट्या देऊन ठेवलास तर मी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तुमच्या गावच्या फाट्यावर न्यायला उभा. तिनं बोटांवर मोजून दाखवलं. दोन म्हणजे बरी, चार म्हणजे या.

वर्षभर दोनच वाजल्या. गुरुवारी बायको गल्लीतल्या कुणाला फोनजवळ फिरकू द्यायची नाही. दुसरी घंटी थांबली की दोघं जेवायला बसायचो.

मग रस्ता खोदताना कुणी तरी केबल तोडली आणि आमचा फोन बंद पडला. तक्रार दिली, हेलपाटे मारले, खिडकीवरचा माणूस म्हणायचा थई जशे काका, थई जशे, म्हणजे होईल होईल. माझ्या डोक्यात एवढंच, की फोन बंद आहे तर तिलाही तिकडून बंदच ऐकू येईल, ती समजेल, कार्ड टाकेल. सगळी गल्ली असंच समजत होती. मग लाइन जोडायला आलेल्या लाइनमननं सहज सांगितलं, तार इथं तुटली तरी तिकडं करणाऱ्याच्या कानात घंटी वाजतच राहते काका. मी तशीच शिरपूरची गाडी पकडली.

तिथं गेल्यावर कळलं, फोन बंद असतानाच्या एका गुरुवारी तिनं चार घंट्या दिल्या होत्या. शुक्रवारी पिशवी घेऊन फाट्यावर बसली, सांज झाली, सासरचे येऊन घेऊन गेले. त्या रात्री तिचा हात मोडला. नीट बसला नाही तो, अजून कोपरातून वाकडा आहे.

मी तिला म्हटलं चल. ती चुलीपुढून उठली नाही. म्हणाली, आबा, मी घंटी ऐकली. चारही ऐकल्या. म्हटलं बेटा, फोन बंद होता. ती म्हणाली, बंद फोनची घंटी कशी वाजेल आबा. तुम्हाला न्यायचं नव्हतं तर नव्हतं म्हणा, मी काही मागणार नाही आता.

पुढच्या वर्षी फोन पुन्हा बंद पडला, आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. बायकोला म्हटलं, फोनजवळून उठू नकोस, घंटी ऐकू आली तर उचल. निघताना रिसीव्हर कानाला लावून पाहिला, आवाज नाही. शिरपूरला लताला दवाखान्याच्या निमित्तानं घेऊन गेलो, तिथल्या बूथवर नंबर फिरवला आणि रिसीव्हर तिच्या कानाला लावला. म्हटलं ऐक, घंटी वाजतेय ना. तुझी माय फोनच्या पुढ्यात बसलीय. बघ, कुणी उचलणार नाही.

एक वाजली. दुसरी वाजली. तिसऱ्याला बायकोनं उचलला.

लाइन त्याच दुपारी जोडून गेले होते.

लतानं माझ्याकडं पाहिलं. मग आईला म्हणाली, हो, बरी आहे. आणि ठेवून दिला.

त्याला दोन वर्षं झाली. ती दिवाळीला येत नाही, मी गेलो तर पाणी देते, आबा जेवून जा म्हणते, तेवढंच. बायको म्हणते काढून टाका हा फोन. नाही काढत. गुरुवारी मिलमधून हाफ डे घेतो आणि समोर बसतो, आणि अधूनमधून उचलून बघतो चालू आहे का. चालूच असतो. लाइन बिघडत नाही आता. तुम्हाला लेकी असतील तर त्यांचा आवाज तुमच्या कानी पडत राहो भाऊ, घंट्या मोजायची वेळ न येवो. चहा घ्या, निवतोय.