दोन मिनिटांचं काम

इथे परदेशात, वेरिबी गावात, लसीच्या रांगेत माझ्यापुढे एक मराठी जोडपं उभं होतं. तो बांधकामावर सुपरवायझर होता, हे बोलण्यावरूनच कळलं.

“सुनेत्रा, तो नवा हृषीकेश आज परत सेफ्टी पट्ट्याचा हुक न लावता दुसऱ्या मजल्यावर उभा! पडला असता तर?”

“अरे देवा! ट्रेनिंग दिलं होतंस ना?”

“सकाळीच दिलं. मास्क लावून सगळे नुसत्या माना हलवतात.”

“मग त्याच्याकडूनच वदवून घे. कीर्तनात बुवा मधेच थांबून लोकांकडून नाम म्हणवून घेतात ना, तसं.”

कीर्तनाचं नाव निघालं आणि माझे कान आपोआप तिकडे वळले.

“घेतलं की! घडाघडा म्हणाला, वर ‘नो वरीज, मेट’. आणि चढल्यावर पुन्हा तेच.”

“कमाल आहे! मग तो शिकतो तरी कुणाचं बघून?”

“दिवसभर माझ्याच बरोबर असतो.”

“सलिल, तू वर जातोस तेव्हा हुक लावतोस?”

“मोठं काम असलं की लावतो. दोन मिनिटांच्या कामाला कोण लावत बसतं!”

“आणि हृषीकेशला ‘हुक का नाही लावलास?’ असं विचारलंस तेव्हा तो काय म्हणाला?”

सलिलने मास्क उगाचच नीट केला.

“हेच म्हणाला.”