दादाचा कावळा आणि पन्हळीतली पानं

दादाच्या दहाव्याला काय झालं, सांगितलं का तुम्हाला? आमचं घर सिडनीबाहेर, अगदी रानाला लागून. मागच्या अंगणात मी कावळ्यासाठी भाताचं पान ठेवलं आणि शेजारी दिवा लावला, तोच शेजारचा म्हातारा केन पाण्याची नळी घेऊन कुंपणाशी धावत आला.

“मेट, आज फायर बॅन आहे! बाहेर साधी काडीसुद्धा ओढायची नाही!”

मी त्याच्या अंगावरच जाणार होतो, पण वहिनीने दिवा विझवला आणि त्याला समजावलं, “गेलेल्या माणसाची राहिलेली इच्छा ओळखून शब्द दिला, की कावळा घास घेतो.”

केनने टोपी काढली आणि तिथेच उभा राहिला. कावळे तारेवर बसलेले, पण एकही खाली येईना.

वहिनी म्हणाली, “पोरीला खूप शिकवीन.” कावळे ढिम्म.

मी म्हणालो, “दादा, घर विकू देणार नाही.” तरी ढिम्म. ऊन डोक्यावर आलं.

मग केन हळूच म्हणाला, “तो छपराच्या पन्हळीचं बोलायचा. आत सुकी पानं साठलीत, एक ठिणगी पडली तर घर जाईल, भावाला सांगून थकलो, म्हणायचा.”

मला रडूच फुटलं. “काढतो रे दादा, आजच काढतो!”

एक कावळा उतरला, घास उचलला आणि थेट त्या पन्हळीवर जाऊन बसला.

वहिनी डोळे पुसत म्हणाली, “तुझ्या शब्दावर विश्वास नाही त्याचा. आण शिडी.”