खोबरेल थिजेपर्यंत

आता थंडी आली नाय यात माझा काय दोष, तुमीच सांगा! सकाळी डोळा उघडला की आमचे हे, म्हंजे माझा नवरा हो, राघो, अंथरुणातनंच विचारणार, "थिजलं का गो?" मी चुलीपुढं, डोळ्यांत धूर, चहा उतू चाललाय, आणि ह्यांना पडलंय काय, तर फळीवरच्या बाटलीतलं खोबरेल थिजलं का नाय!

तुमाला सांगते, ह्यांना दमा. जुना. मुरबाडच्या डॉक्टरांनी मागं पंप दिला, तोंडात धरून ओढायचा, आणि सांगितलं, थंडी सुरू झाली की रोज ओढा, थंडी संपली की बंद. झालं! आता थंडी सुरू झाली म्हंजे कधी, ते डॉक्टरांनी सांगितलं नाय, आणि आमचा माणूस असा की अर्धा चमचा साखर सांगितली तर चमचा डोळ्यांपुढं धरून मधोमध बघंल. मंग ह्यांनी आपलं आपणच ठरवलं... आमच्या टोकावड्याकडं थंडी पडली की पहिलं खोबरेल थिजतं, तर ते थिजलं की पंप सुरू, पातळ झालं की बंद. आधीची वर्सं बरी गेली. दिवाळी झाली की तेल थिजायचं, हे पंप ओढायचे, मी सुटायची.

आणि ह्या साली? दिवाळी गेली, देवदिवाळी गेली, मार्गशीर्ष लागला, आभाळ भरलेलं, उकाडा असा की पोरं उघडी झोपतात, वर अवकाळी पाऊस येऊन कापलेलं भात भिजवून गेला. पेंढ्याला बुरशी, झोडायला घेतलं की धुरळा नाकात... आणि ह्यांची छाती वाजायला लागली, आत मांजर बसल्यासारखी. मी म्हटलं, ओढा ना तो पंप. "थिजलं का?" नाय थिजलं. "मंग?"

मंग काय मंग! खळ्यावरनं घरापर्यंत यायला मधी दोनदा बसतात, रात्र भिंतीला टेकून काढतात, पण पंप कोनाड्यात तसाच. म्हणे, डॉक्टरचा शब्द मोडायचा नाय. आता अशा माणसाशी भांडायचं कसं? भांडायला त्याच्यात श्वास तरी पायजे!

मंग मी युक्ती केली. शाम माझा भाचा, घाटाच्या रस्त्याला त्याचा ढाबा, तिथं थंड बाटल्यांचा फ्रीज. पदराखाली खोबरेल घेऊन गेली. तो म्हणतो, "आत्या, लोकं तेल वितळवायला भट्टीपाशी येतात, तू थिजवायला आलीस?" मी म्हटलं, ठेव गपचूप. दुसऱ्या दिवशी उजाडताना त्यानं डब्यात बर्फ घालून बाटली मोटारसायकलवरनं आणून दिली. मी फळीवर ठेवली आणि चुलीपुढं बसली, तर भायेर ही गरमी, बाटलीला घाम फुटलेला, आणि आज नेमका ह्यांना उठायला उशीर! उठले एकदाचे. "थिजलं का गो?" बघा की तुमीच. ह्यांनी बाटली उलटी केली. तेल जागचं हाललं नाय. "आली गो थंडी," म्हणाले, आणि ओढला की पंप! मला रडूच आलं, खरं सांगते.

पण थंडी आली म्हटल्यावर हा माणूस गप बसंल? अंगणात गेले, त्याच भिजक्या पेंढ्याची शेकोटी पेटवली आणि आळीला हाका, या रे, थंडी पडली, शेकायला या! लोकं पण आली. घाम पुसत शेकत बसली. शेजारची रखमी तर हात चोळत म्हणते, "आज जरा गारठाच वाटतोय"... आणि त्या ओल्या पेंढ्याचा धूर, दाट, पिवळा. मी चहा घेऊन भायेर येते तर हे वाकलेले, ओठ निळे, डोळे माझ्याकडं लागलेले. हा माणूस गेला तर मी चिडायचं कोणावर?

जीप केली, मुरबाड गाठलं, वाफेची मशीन लावली, दुपारपर्यंत श्वास ठिकाणावर आला. डॉक्टरांनी सगळं ऐकलं, तेलाचं पण. मला वाटलं हसतील, हसले नाय. म्हणाले, "राघोकाका, चूक माझी. थंडी वेळेवर येईल असं धरून मी सांगितलं. आता हवेचा भरवसा राहिला नाही. पंप रोज ओढायचा, बाराही महिने." हे मान हलवत राहिले. मी म्हटलं चला, समजलं एकदाचं.

काय समजलं! आता वैशाख हाय, कौलं तापलीत, लाईट गेलेली, आणि हे ओट्यावर कानटोपी घालून बसलेत. श्वास एकदम मोकळा, पंप रोज होतो, त्यात खोट नाय. मी म्हटलं, काढा की ती टोपी, घामाच्या धारा लागल्यात. तर म्हणतात, "औषध थंडीचं हाय गो. अंगाला थंडी नाय कळली, तर ते लागू पडंल का?"

मी आता वाद घालत नाय. बाजूला बसते, आणि टोपीवरनं विंझणा घालते.