घडी न मोडता नेलेली साडी

(गुलमंडीतलं साड्यांचं दुकान. आवडाबाई गादीवर, मुलगा कृष्णा मोबाइल घेऊन समोर.)

कृष्णा : म्हणून म्हणतो, उद्यापासून तू घरीच थांब, आई. सर म्हणाले, दुकानाला एकच चेहरा पाहिजे.

आवडाबाई : चेहरा. आन् ह्यो सर कोण? साडी इकलीय का कव्हा त्यानं?

कृष्णा : त्यांना विकायची गरज नाही. ते ऑनलाइन मार्केटिंग शिकवतात. सिडकोत एसी हॉल, तीन दिवस, दोनशे दुकानदार होते.

आवडाबाई : दोनशे दुकानदार तीन दिस गिऱ्हाईक सोडून बसले. कशासाठी, तर गिऱ्हाईक कसं ओढायचं ते शिकाया. शाब्बास.

कृष्णा : तुला कस्टमर कळतच नाही. कुणी आलं की आधी पाणी, मग गाव विचारणार, मग सोयरीक काढणार. तोवर माणूस मोबाइलवर साडी मागवून मोकळा होतो.

आवडाबाई : मंग तुझा सर काय इचारतो?

कृष्णा : नंबर. बिल करताना नंबर घ्यायचा, काय नेलं ते टाकायचं. बाकी मोबाइल बघतो. पिवळी नेली की हळद, हिरवी नेली की डोहाळे. प्रसंग ओळखून आपोआप मेसेज जातो. याला म्हणतात ग्राहकाच्या मनात शिरणं.

आवडाबाई : आधी बायकोच्या मनात शिरून दाव. धा वर्सं झाली लग्नाला.

कृष्णा : हस तू. मागच्या आठवड्यात तू सोयगावला मावशीकडे होतीस ना? एक माणूस आला, साठीचा. दुकानातली सगळ्यात भारी साडी मी पुढं टाकली. त्यानं घडीसुद्धा मोडली नाही. भाव नाही, काठ-पदर बघणं नाही. घेतली आणि गेला. हा झाला विश्वास. तू वीस साड्या उलगडत बसली असतीस.

आवडाबाई : घडी मोडली नाय?

कृष्णा : नाही म्हटलं ना.

आवडाबाई : संगं बाई व्हती का कुणी?

कृष्णा : नाही. बाहेर एकजण गाडी चालू ठेवूनच थांबला होता.

आवडाबाई : रंग?

कृष्णा : हिरवाच मागितला त्यानं.

आवडाबाई : आन् हिरव्या बांगड्या कुठं मिळत्यात, ते इचारलं असंल.

कृष्णा : हो. तुला कसं कळलं?

आवडाबाई : साठीच्या माणसाच्या घरी डोहाळे व्हय रं?

कृष्णा : सुनेला असतील.

आवडाबाई : सुनंची साडी न्यायला बायका येत्यात, कृष्णा. घोळका येतो, ढीगभर घड्या मोडतो, वर नाकं मुरडतो. गडी एकटा येतो, भाव करत नाय, घडी मोडत नाय, तव्हा त्याची बायको घरी भुईवर निजवलेली असती. सवाशीण गेली की हिरवी नेसवत्यात तिला. असल्या माणसाला तुझ्या बापानं कधी 'परत या' म्हणलं नाय. तेवढी अक्कल त्याला एसीत न बसता व्हती.

कृष्णा : मला काय माहीत, आई.

आवडाबाई : इचारलं असतंस तर म्हाईत झालं असतं. मोबाइलानं काय धाडलं त्याला?

कृष्णा : तो मेसेज आपोआप गेला.

आवडाबाई : वाच.

कृष्णा : 'अभिनंदन. घरी गोड बातमी. हिरव्या साडीत वहिनी कशा दिसल्या? फोटो पाठवा, बक्षीस जिंका. पुन्हा लवकर या.'

आवडाबाई : वा. मनात शिराया गेलास आन् तिरडीवर पाय दिलास.

कृष्णा : त्यांचं उत्तर आलंय. चार दिवस झाले. मी बघितलंच नाही.

आवडाबाई : सरनं धाडायचंच शिकवलं वाटतं. वाच ते बी.

कृष्णा : 'फोटो काढायचं कुणाला सुचलं नाही. साडी चांगली होती. ती असताना एवढी भारी कधी घेतली नाही.' खाली नाव टाकलंय, सांडू, छावणी.

आवडाबाई : शटर वढ.

कृष्णा : आज रविवार आहे, आई. गिऱ्हाईक येईल.

आवडाबाई : वढ म्हणलं. त्याच्या घरी जाऊ.

कृष्णा : तिथं जाऊन काय बोलू मी?

आवडाबाई : काय बोलू नको. बसायचं. त्यो बायकोचं सांगंल, ते ऐकायचं.