दगडातून आलेले पाहुणे

टक्!

ऐकलंत? दुपारची वेळ. भांडी घासून पालथी घातलेली, सगळं घर गप्प, वर पंखा तेवढा फिरतोय — आणि टक्! नाही हो, ही माझी चिपळी नव्हे. पेटीवाल्या काकांकडंही बघू नका, ते बिचारे आत्ता कुठं सूर शोधतायत! हा आवाज आला पनवेलच्या एका फ्लॅटमध्ये. आणि त्या एवढ्याशा आवाजापायी एक जीव मरणार होता, एक माणूस घर सोडून जाणार होतं!

म्हणून आज देवाच्या दारात तुम्हाला एकच विचारते. न बोलावता जो घरात आला, त्याचं काय करायचं? शास्त्र म्हणतं, तो अतिथी, तो देव. आणि आपण काय म्हणतो? "परतीचं तिकीट काढलंय ना?" हसू नका, तिकडं कोपऱ्यात कुणाचा तरी चेहरा पडलाय!

तर ऐका. त्या घरात राहायची सुमेधा. नवरा बोटीवर, सहा-सहा महिने समुद्रात. मग समुद्राची आठवण म्हणून त्यानं घरात समुद्रच करून ठेवला! काचेची टाकी, खारं पाणी, त्यात प्रवाळ. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे बरं, जिवंत प्राणी! आणि वाळूत एक ठिपक्याठिपक्यांचा मासा. लेकीनं, ऊर्वीनं, त्याचं नाव ठेवलं होतं टिकल्या. बाबा बोटीवर गेले की ऊर्वी शाळेतल्या गोष्टी टिकल्याला सांगायची.

आणि त्या घरात आल्या माई. सुमेधाच्या सासूबाई. गुहागरचं घर बंद केलं, ट्रंक घेतली, एसटी धरली आणि थेट दारात! ना फोन, ना निरोप. सुमेधानं पाय धरले, चहा टाकला. पण मनात? मनात काय आलं ते इथल्या सगळ्या सुनांना ठाऊक आहे. सासवांनी कानावर हात ठेवा!

आता टाकीत घालायला एक नवा दगड आला होता. समुद्रातला दगड, भोकाभोकांचा. त्याच्या पोटात कोण लपून येईल, सांगता येत नाही. म्हणून असा दगड आधी वेगळ्या बादलीत ठेवतात. अगदी सोवळ्यात! कुणी चोरपाहुणा दिसतोय का ते बघायचं, मगच टाकीत. सुमेधानं तसाच ठेवला होता.

आणि आला पाडवा! माईंनी बघितलं — नवी वस्तू घरात, आणि ती मोरीत बादलीत? मुहूर्त टळतोय! बाह्या सरसावल्या, दगड उचलला, हात जोडले आणि दिला टाकीत बसवून! झाली प्राणप्रतिष्ठा!

त्यानंतर सुरू झालं हे टक्.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सुमेधा म्हणाली, "माई, तो अडकित्ता जरा राहू द्या ना. ऊर्वी झोपलीय."

माई म्हणाल्या, "अगो, अडकित्ता डब्यात आहे. मी तर वाती वळत्येय."

आवाज टाकीतून येत होता! आणि मग टिकल्या दिसेनासा झाला. प्रवाळ आक्रसू लागलं, रोज जरा जास्त. ऊर्वीनं जेवण सोडलं. सुमेधानं शोधलं, वाचलं. अशा दगडातून एक मारेकरी येतो, शिंपल्यासुद्धा फोडतो, आणि त्याचा आवाज असाच! झालं, तिनं किटलीत पाणी उकळायला ठेवलं. दगड बाहेर काढायचा, भोकात उकळतं पाणी ओतायचं, विषय संपला!

आणि रागाच्या भरात बोलून गेली, "न विचारता घरात घुसतात, आणि मग सगळ्या घराची वाट लावतात!"

कुणाला म्हणाली हो? दगडातल्याला! पण ऐकलं कुणी?

माई उठल्या. आतल्या खोलीत ट्रंकेची कडी वाजली.

पुन्हा बाहेर आल्या त्या पानाचा डबा हातात घेऊन, ऊर्वीच्या खांद्यावर हात ठेवून. डोळ्यांत मोतीबिंदू, नव्या घरात चालताना धरायला कुणाचा तरी खांदा लागायचा. हळूच म्हणाल्या, "मी उद्याच्या गाडीनं जात्येय. पण त्याच्यावर पाणी ओतण्याआधी त्याचं तोंड तरी बघ गो. कोण आहे ते कळायच्या आत हाकलू नये."

किटली शिट्टी मारतेय. सुमेधा उभी. मंडळी, तुम्ही काय केलं असतं?

तिनं गॅस बंद केला. टाकीचा पंप बंद केला. पाणी निवळलं. तिघी काचेपुढं बसल्या. बसल्या, बसल्या... किटलीतलं पाणी निवलं.

आणि दगडाखालून डोकावलं कोण? टिकल्या! ऊर्वी किंचाळणार, तेवढ्यात त्याच्यामागून आली एक कोळंबी. एक नांगी ही एवढी मोठी! अंगण झाडावं तशी वाळू बाहेर ढकलत आली. तिला नीट दिसत नाही हो. म्हणून एक मिशी सतत टिकल्याच्या अंगाला लावून चालते. तिनं घर खोदायचं, त्यानं राखण करायची. त्यानं शेपूट हलवलं की दोघं आत! आणि ते टक्? तिच्या नांगीची चुटकी! वैऱ्याला म्हणायचं, दूर राहा, इथं आमचा संसार आहे!

"आई गं," ऊर्वी म्हणाली, "हिला तर आजीसारखा खांदा लागतो!"

सुमेधानं माईंकडं बघितलं नाही. बघवलं नाही.

मग प्रवाळाला कोण छळत होतं? त्याच दगडावर उगवलेलं एक देखणं फूल! काचेसारखं, नाजूक. तोही प्राणीच. माई रोज त्याला नमस्कार करायच्या! त्याचा एक झुलता हात प्रवाळाला लागला, आणि प्रवाळ चटका बसल्यासारखं मिटलं. खुडावं तर तुकड्यातुकड्यातून नवं उगवतं. त्याला एकच उपाय, त्याच्या तोंडात चुन्याचा लगदा भरायचा.

"माई," सुमेधा म्हणाली, "तुमच्या डब्यातला चुना द्याल?" आणि मग, "ट्रंक मी रिकामी करते. तुम्ही आता कुठं जायचं नाही."

माई म्हणाल्या, "चुना हवा तेवढा घे. डबा मात्र परत ठेव हो!"

मंडळी, आता घरी जाल. दार उघडाल. आत कुणाची तरी टक्-टक् चालू असेल. काठीची, खोकल्याची, अडकित्त्याची. किटली चढवण्याआधी पंप बंद करा. आपलाच कल्ला जरा थांबवा, आणि काचेपुढं बसा. कोण कुणाचा हात धरून चाललंय ते दिसेल!

इथं आख्यान संपायला हवं. पण सुमेधानं सिरिंजनं चुना भरला, ते फूल आत आत मिटत गेलं, आणि आजीच्या मांडीवरून ऊर्वीनं विचारलं:

"आई, पण ते पण न बोलावताच आलं होतं ना? तू वाईट आहेस असं त्याला कुणी सांगितलं होतं का?"