कार्डावरचं नाव

वाचनालयाच्या काउंटरवर माझ्यापुढे एक निवृत्त मास्तर उभे होते.

"बाई, मागच्या आठवड्यात मी परत केलेल्या त्या पुस्तकाच्या कार्डावरचं माझं नाव खोडा."

"का हो, मास्तर?"

"हळू बोला. कोणी चौकशीला आलं होतं म्हणे."

"आले होते एक साहेब, सोमवारी. असली पुस्तकं वाचून माणसांची डोकी फिरतात आणि देश बिघडतो, म्हणाले. वाचणाऱ्यांची यादी हवी होती."

"दिलीत?"

"यादी कसली? कार्डावर तुमचं एकट्याचं नाव."

"मेलो! ते पाहिलं त्यांनी?"

"मग काय, कार्ड गिळू? वर पुस्तकही मागितलं, तपासायला. मी म्हटलं, आधी सभासद व्हा, मग न्या. तर झाले सभासद, नेलं पुस्तक!"

"तुम्हीही त्यांना सामील दिसताय."

"जीभ आवरा, मास्तर. पंचवीस वर्षं इथे बसतेय मी."

"मग खोडा ना नाव!"

"थांबा. आज सकाळी ते परत आले होते."

"माझा पत्ता विचारायला?"

"नाही हो. पुस्तक अजून आठ दिवस ठेवू का, विचारत होते."

"एवढंच?"

"निघताना इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, बाई, कार्डावरचं माझं नाव तेवढं खोडा."